दहा मिनिटांचा शेक

३ फेब्रुवारी

पोरी,

तुझी यादी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवली आहे. सतरा कलमं! सरकारी परिपत्रकंसुद्धा याहून आटोपशीर असतात. दूध किती कोमट, वेणी किती घट्ट, बुटांच्या नाड्या दुहेरी, सगळं वाचलं. मीही एक मूल वाढवलंय हे तू विसरलीस की मुद्दाम विसरलीस, ते तुझं तुला ठाऊक.

फोनवर तू तुझ्या लेकीशी, आपल्या भिंगरीशी, अर्धा अर्धा तास बोलतेस आणि मी फोन घेतला की "बरं आहे ना? ठीक." झालं, संपलं. माझा फोन जुना, त्यात माणूस दिसत नाही, नाहीतर तुझा चेहरा तरी बघितला असता. म्हणून हे पत्र. पत्राला नुसतं "ठीक" म्हणून सुटता येत नाही.

मला माहीत आहे, तुझ्या सासूबाई जिन्यावरून पडल्या नसत्या तर ही पोरगी माझ्याकडे आली नसती. जावई बोटीवर, तुझं चार महिन्यांचं प्रशिक्षण आधीच ठरलेलं, तुझी आई आता नाही, मग उरलं कोण, तर मी. दोन वर्षांत तू या घरात पाऊल टाकलं नव्हतंस. तिला सोडायला आलीस तेव्हा चहासुद्धा उभ्यानेच प्यायलीस. असो. मला नात मिळाली, कारण कुठलं का असेना.

पण ते सतरावं कलम मला लागलं. "काहीही झालं तरी तुमची सुयांची पेटी तिच्याजवळ उघडायची नाही." आणि खाली दोन रेघा. अगं, चाळीस वर्षं रफू करतोय मी. कोटाला पडलेलं भोक असं बुजवतो की खुद्द मालकाला शोधून सापडत नाही. त्या माणसाला तू पेटी उघडू नका म्हणतेस! मुकाट्याने वरच्या फळीवर ठेवली, दुकानात जाताना तेवढी खाली काढतो. काम दुकानात करतो, घरी आणत नाही.

ती मजेत आहे. सहा वर्षांची पोर, पण प्रश्न साठ वर्षांचे.

बाबा

ता. क. तिचा डावा डोळा आज जरा लाल वाटला. धुळीचं असेल.


१० फेब्रुवारी

पोरी,

रविवारी फोनवर "डोळा कसा आहे?" विचारलंस आणि मी म्हटलं, "ठणठणीत." तर ते खोटं होतं. घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच.

धुळीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वरची पापणी सुजली आणि तिच्या मधोमध लालबुंद फोड दिसायला लागला. हात लावला की "आई गं!" मी म्हटलं, रांजणवाडी आहे, दोन दिवसांत फुटेल आणि जाईल. शेजारच्या लाँड्रीवाल्या वहिनी दुकानात डोकावल्या, त्यांनी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही डॉक्टर केव्हापासून झालात?" बाईचं तोंड तिच्या इस्त्रीपेक्षा गरम. पण गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या आहेत. भिंगरीला उंच खुर्चीत बसवून त्यांनी यंत्रातून नीट बघितलं. ताप आहे का, डोळा फिरवताना दुखतं का, अक्षरं नीट दिसतात का, सगळं विचारलं. म्हणाल्या, काळजीचं नाही. कोमट पाण्यात स्वच्छ कापड भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर ठेवायचं. दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. कापड गार झालं की परत भिजवायचं. आणि मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाल्या, "पिळायचं नाही, फोडायचं नाही, टोचायचं नाही. कितीही मोह झाला तरी." मी म्हटलं, "मला कशाला मोह होतोय?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांनाच सांगते हो."

आता तुला वाटतं तेवढं सोपं नाही ते. सहा वर्षांच्या पोरीला दहा मिनिटं डोळे मिटून बसवणं म्हणजे काय! पहिल्या दिवशी वाटी सांडली, उशी भिजली, मी ओरडलो, ती रडली. मग मी आधी माझ्या पापणीवर कापड ठेवून दाखवलं. "बघ, चटका नाही." आता ती पद्धतच पडली आहे. आधी माझा डोळा, मग तिचा.

आणि गोष्ट. राजा-राणी तिला नको. दुकानात आलेल्या कपड्याचं भोक मी तिला बोटाने चाचपायला देतो आणि ते कसं पडलं असेल ते आम्ही डोळे मिटून ठरवतो. खिळ्याने ओरखडून फाटतं, ठिणगीने गोल भोक पडतं आणि कडा कडक होतात, कसर लागली तर कडा भुसभुशीत. पोरगी भराभर शिकली. काल एका कोटाचं कोपर विरलेलं होतं. मी म्हटलं, हा कारकून असणार, टेबलावर कोपर घासून घासून झालं. ती म्हणाली, "नाही आजोबा, हा खिडकीत कोपर टेकवून कुणाची तरी वाट बघत बसतो." मी ते कोपर पुन्हा चाचपून बघितलं. दहा मिनिटं केव्हा संपली कळलंच नाही.

बाबा


२८ फेब्रुवारी

पोरी,

तुझं कार्ड मिळालं. "शेक चालू ठेवा. डॉक्टर काय म्हणतात ते कळवत जा." दोनच वाक्यं, पण माझ्या नावाने आली. ठेवून दिलंय.

लाली गेली, दुखणं गेलं. पण गाठ राहिली. मसुराच्या दाण्याएवढी, पापणीच्या आत, टणक. वरून बोट फिरवलं की कापडातल्या गाठीसारखी लागते. बाईंनी पुन्हा बघितलं. म्हणाल्या, आता ही नुसती रांजणवाडी राहिली नाही. पापणीत तेलाच्या बारीक बारीक नळ्या असतात, त्यातली एक तुंबली, तेल आतच घट्ट झालं आणि त्याभोवती गाठ धरली. इंग्रजी नावही सांगितलं, ते मी दुकानापर्यंत येईतो विसरलो. दुखत नाही, पसरत नाही, बहुतेक वेळा शेकानेच विरघळते, पण वेळ घेते. महिना, दोन महिने. "धीर धरायचा, आजोबा," म्हणाल्या.

त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? मी म्हटलं, नाही. तर भिंगरी मध्येच, "माझ्या आईची पापणी इथे तुटकी आहे. ती लहानपणी धांदरट होती ना, टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली." बाई हसल्या. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत उभा राहिलो. शेवटची ओळ मला दिसत नाही आताशा.

सुयांची पेटी लाँड्रीवाल्या वहिनींच्या कपाटात नेऊन ठेवली आहे. फळीवर जागा पुरत नव्हती. काम असलं की मागून आणतो आणि काम झालं की परत देतो. एवढंच.

बाबा


२४ मार्च

पोरी,

चार वेळा म्हणजे चार वेळा, एकही शेक चुकवलेला नाही. शाळेत मधल्या सुट्टीतसुद्धा गरम पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी जायचो. तिथला शिपाई मला "शेकवाले आजोबा" म्हणायला लागला. पण गाठ हटायला तयार नाही. उलट वाढली. आणि परवा भिंगरीने तक्त्यावरची अक्षरं डाव्या डोळ्याने चुकीची वाचली. बाई म्हणाल्या, गाठीचा दाब बुबुळावर पडतोय, म्हणून अंधुक दिसतंय. गाठ काढली की दिसणं सुधारेल, पण या वयात डोळा फार दिवस अंधुक ठेवून चालत नाही. छोटं ऑपरेशन, पाचदहा मिनिटांचं. मोठ्या माणसाला जागेपणी करतात, पण पोर हलेल म्हणून तिला पूर्ण भूल द्यावी लागेल.

कसं करणार ते त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. पापणी उलटवतात आणि आतल्या बाजूने बारीक छेद देऊन आतलं घट्ट तेल काढून टाकतात. टाका नाही, बाहेरून खूण नाही, पापणीच्या केसांच्या मुळांना धक्का नाही. मी त्या चित्राकडे बघत राहिलो. उलट बाजूने. पोरी, आम्हीही रफू उलट बाजूनेच करतो गं.

आईच्या सहीशिवाय ऑपरेशन होत नाही. फॉर्म माझ्यापुढे आहे. पण तो मी या पाकिटात घालणार नाही. तू आधी हे वाचायचंस आणि मग ठरवायचंस. सही करायची की नाही, आणि पोरीला माझ्याजवळ ठेवायचं की नाही, दोन्ही.

पहिली गोष्ट. पेटी जागा नाही म्हणून नाही दिली. त्या आठवड्यात एका दुपारी भिंगरी झोपली होती. गाठीवर पांढुरका ठिपका आला होता. मला वाटलं, एवढंसं तर आहे. कापडात गाठ आली की आम्ही सुईच्या टोकाने ती अलगद मोकळी करतो, हात चाळीस वर्षं तेच करतोय. पेटी खाली काढली. सगळ्यात बारीक सुई उकळत्या पाण्यातून काढली, भिंग डोळ्याला लावलं आणि तिच्यावर वाकलो. हात शिवशिवत होता. झोपेतच तिने माझा सदरा धरला आणि पुटपुटली, "आधी तुमच्या डोळ्याला." तिला वाटलं शेक आहे. मी सुई घेऊन तसाच बाहेर पडलो, पायात चप्पल नाही, आणि पेटी वहिनींच्या हातात दिली. त्यांनी काही विचारलं नाही. विचारायचं तेव्हा विचारत नाही ही बाई.

दुसरी गोष्ट. ती तू ओळखलीच असशील.

तू सात वर्षांची होतीस. अशीच गाठ, उजव्या डोळ्यावर. डॉक्टरांनी तेव्हाही शेकच सांगितला होता. तुझी आई द्यायची. तीन आठवडे झाले, आणि मला धीर निघेना. तुझ्या मामाच्या लग्नाला जायचं होतं, सगळे विचारतील पोरीच्या डोळ्याला काय झालं, हे डोक्यात. तुझी आई बाजारात गेली होती. मी तुला खिडकीत बसवलं, म्हटलं, "हलायचं नाही, बाबांचा हात स्थिर आहे." तू नाही हललीस. पोरी, तू अजिबात हलली नाहीस. मी वरून टोचलं, मग पिळलं. रक्त आलं, पू झाला, आठ दिवस पापणी उघडेना. तुला घेऊन डॉक्टरांकडे धावलो, तेव्हाही मी त्यांना टेबलच सांगितलं. डोळा वाचला, पण जिथे सुई गेली तिथे पापणीचे केस परत आलेच नाहीत.

टेबलाची ती थाप मी काढली, तुझ्या आईने नाही. तिने फक्त मला उघडं पाडलं नाही. लोक विचारायचे, मी सांगायचो. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं, आणि वर मी तुला धांदरट ठरवलं. शाळेत, नातलगांत, सगळीकडे. बशी फुटली की "धांदरट आहे आमची." तू सोळाव्या वर्षापासून त्या जागेवर काजळाची रेघ ओढतेस. एकदाही काही बोलली नाहीस, म्हणून मी सोयीने समजलो की तू विसरलीस.

दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांनी विचारलं आणि मी भिंगरीसमोर हसत हसत तेच सांगितलं. तू जेवता जेवता उठलीस. मी म्हटलं, काय झालं हिला एवढं? माहीत होतं मला काय झालं ते. सतरावं कलम मी दोन महिने माझा अपमान म्हणून वाचत होतो. तुला आठवत होतं. सगळं आठवत होतं, आणि तरी पोर माझ्याकडे सोडावी लागली. कसं सोडलंस गं तिला?

माझं चुकलं. नुसती सुई चुकली असं नाही. त्यानंतरची सगळी वर्षं चुकली. माफ कर, असं मी म्हणतोय, पण ते केलंच पाहिजेस असं नाही.

फॉर्म उद्या वेगळ्या पाकिटातून पाठवतो. तू तिला न्यायला आलीस तरी शेक कसा द्यायचा ते ती तुला दाखवेल. पक्की झाली आहे.

बाबा


५ एप्रिल

पोरी,

फॉर्म आला. पाकिटात चिठ्ठी शोधली. नव्हती. पाकीट फाडून, उलगडून बघितलं, तरी नव्हती.

मग फॉर्म वाचला. तुझी सही जागच्या जागी. खाली एक रकाना आहे, "भूल लागेपर्यंत मुलाजवळ कोण थांबेल." ऑपरेशनला येते असं तू भिंगरीला फोनवर सांगितलंस, म्हणून मला वाटलं होतं तुझंच नाव असणार. तिथे तू लिहिलंस, "तिचे आजोबा." पुढे "अर्ज भरणाऱ्याशी नातं", तिथे "माझे बाबा."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याला म्हटलं, उद्या या. लाँड्रीवाल्या वहिनींनी आतून पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही रडता ते बरं, पण त्या शालीवर नको. आत्ताच इस्त्री केलीय."

सोळा तारखेला सकाळी आठ वाजता. तू आदल्या दिवशीच्या गाडीने ये. तुझी खोली झाडून ठेवतो.

बाबा


२१ एप्रिल

पोरी,

तू काल गेलीस आणि मी आज पत्र लिहायला बसलो. भिंगरी म्हणते, "आजोबा, आई तर आत्ता इथे होती, तेव्हाच का नाही सांगितलं?" तिचंही बरोबर आहे. पण काही गोष्टी तू बघितल्या नाहीस, त्या मी बघितल्या. म्हणून लिहितो.

ऑपरेशनच्या खोलीत मला हिरवा झगा चढवला, डोक्यावर टोपी. भिंगरी हसायलाच लागली. म्हणाली, "आजोबा, तुम्ही कोबीसारखे दिसता." मी तिचा हात धरला होता. माझाच हात थरथरत होता. स्थिर हाताचा मोठा टेंभा मिरवायचो मी! तिने विचारलं, "दहा मिनिटंच ना?" मी म्हटलं, "दहाच." नाकावर मुखवटा ठेवला, आणि तिची बोटं माझ्या बोटांत सैल झाली. तेवढ्यात मला काय काय वाटलं ते लिहिता येणार नाही. बाहेर आलो तर तू बाकावर बसली होतीस, सरकून जागा केलीस. मी बसलो. आपण दोघंही समोरच्या दाराकडे बघत होतो, पण बसलो होतो एका बाकावर.

शुद्धीवर आल्यावर तिने बाईंना पहिला प्रश्न काय विचारला ते तू ऐकलंसच. "भोक पडलं का?" आणि बाई म्हणाल्या, "पडलं, पण आतून. बाहेरून कुणाला दिसणार नाही." तेव्हा ती तुला गुंगीत सांगत होती, "आई, ते रफू आहे." मी खिडकीकडे तोंड केलं होतं. तुला वाटलं असेल बाबा रस्ता बघताहेत.

आता कालच्या सकाळचं. तू तोंड धुऊन बाहेर आलीस आणि आरशासमोर न जाता सरळ चहाला बसलीस. काजळाची रेघ नव्हती. सोळाव्या वर्षानंतर मी ती जागा पहिल्यांदा बघितली. जिऱ्याएवढी आहे. मला वाटायचं, मोठी असेल. इतकी वर्षं मनात ती मोठीच होत गेली होती.

भिंगरी दुधाचा पेला ठेवून तुझ्या मांडीवर चढली आणि आता ती या धंद्यातली जाणकार ना, बोट फिरवून म्हणाली, "आई, टेबलाच्या कोपऱ्याने असं होत नाही. कोपऱ्याने फाटतं. हे टोकाचं भोक आहे."

तू माझ्याकडे बघितलंस. मला सोडवलं नाहीस. बरं केलंस.

मी म्हटलं, "टेबल नव्हतंच, भिंगरी. सुई होती. माझी. तुझ्या आईला तुझ्यासारखीच गाठ आली होती आणि आजोबांनी ती टोचली. ती धांदरट कधीच नव्हती. ती अगदी स्थिर बसली होती."

"दुखलं असेल," ती तुला म्हणाली.

"हो," तू म्हणालीस. "खूप."

"मग आजोबांनी शेक का नाही दिला?"

"शेकाला दहा मिनिटं लागतात," मी म्हटलं, "आणि आजोबांना घाई होती."

तिला हे कारण मुळीच पटलं नाही. खाली उतरली, वाटी आणली, कापड आणलं, माझ्यापुढे ठेवलं. "आता तर नाहीये ना घाई?" मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तू म्हणशील, असू दे गं, काहीतरीच काय, गाडीची वेळ होते आहे. तू खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलंस आणि डोळे मिटलेस.

पाणी तापवलं. कापड पिळलं. आधी माझ्या पापणीवर ठेवून बघितलं, मग तुझ्या. हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते एवढंच, की तुझ्या दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी येत होतं आणि भिंगरी ते तिच्या फ्रॉकच्या टोकाने टिपत होती, तुला कळू नये इतकं हळू. आणि पोरी, तुझी पापणी कापडाखाली हललेली माझ्या बोटांना कळत होती, आणि मी तुझं नाव मनात घेत होतो, तू सात वर्षांची असताना घ्यायचो तसं.

"गोष्ट सांगायची आता," भिंगरी म्हणाली. "त्या भोकाची. खरी."

मी सांगायला लागलो. खिडकी सांगितली, लग्न सांगितलं, तुझी आई बाजारात गेली होती ते सांगितलं. सुईपर्यंत आलो आणि तिथेच अडलो. तेव्हा तू डोळे न उघडताच म्हणालीस, "बाबा, कापड गार झालंय. परत गरम करून आणा."

मी उठलो आणि पुन्हा पाणी तापवायला ठेवलं.

तुझे
बाबा